हसरा चालेल, पण दात नकोत

नाही रे संकेत, फोटोबद्दल माझी काही तक्रार नाही. फोटो तू छानच काढलास – टाय सरळ, भांग सरळ, मागे तो करडा पडदा – एकदम साफ. फक्त त्या फोटोमुळे तुझे काका वारले, एवढंच. अरे, असा काय बघतोस? आहेत ते, आहेत! घरी बसून मटार सोलताहेत. वारले म्हणजे – थांब, आधी तो पंखा जरा कमी कर, केस उडतात माझे – म्हणजे उडाले तर उडाले, मला काय करायचंय, फोटो काही माझा काढायचा नाहीये, मी आपली काकांच्या कामाला आलेय. पण कमी कर.

तर झालं काय – तुला माहीतच आहे, काका मे महिन्यात कारखान्यातून रिटायर झाले. झाले म्हणजे कागदावर झाले. सकाळचा भोंगा झाला की अजूनही उठून बूट घालतात आणि मग बूट घालून सोफ्यावर बसतात. म्हटलं, हे काही खरं नाही. मग आमची सून रेवती – पुण्याला असते, एका कंपनीत माणसं निवडायचंच काम करते ती – ती म्हणाली, आई, बाबांचं लिंक्डइनवर खातं उघडूया, एवढा टर्बाइनचा अनुभव आहे, कोणीतरी सल्ल्याला बोलावेल. उघडलं. सगळं लिहून काढलं. पण फोटो? फोटोवर सगळं अडलं. रेवतीचे नियम ऐक, मला आता पाठ झालेत – चेहरा मोठा दिसला पाहिजे, खांद्यापर्यंत, मागे भिंत साधी, बडा तालाबाचं पाणी नको, नातवंड नको, गॉगल नको, लग्नातल्या फोटोतून कापलेला नको, कारण कितीही कापा, खांद्यावर कोणाचा तरी हात राहतोच, फार जुना नको, नाहीतर समोर गेलं की लोक म्हणतात, मुलाने वडिलांना पाठवलं वाटतं, साडी एकरंगी, जरीकाठ नको, उजेडात चमकतो – साडीचं कुठून आलं? अरे, ती सगळंच सांगते ना, बायकांचं, पुरुषांचं, मी आपलं ऐकून ठेवलं. आणि हसरा चालेल, पण दात नकोत. नाही, हे रेवतीचं नाही, हे काकांचं. रेवती म्हणते दात दिसले तर उलट चांगलं, माणूस मोकळा वाटतो. काका म्हणतात, इंजिनियरचे दात दिसले की समोरच्याला वाटतं, ह्याला काही येत नाही.

तू तरी काय करणार? तू बिचारा त्यांना म्हणालास ना – काका, थोडं हसा. आणि ते काय म्हणाले? म्हणाले, ‘कशाबद्दल?’ मी होते ना, त्या खुर्चीवर बसले होते, मीच तेवढी हसले. तर तो तसला फोटो. आता बघ, आपल्या लोकांना एकट्या माणसाचा, समोर बघणारा, नीट भांग पाडलेला फोटो लागतो कधी? एक नोकरीच्या अर्जाला. दुसरा स्थळं बघताना. बाकी आयुष्यभर आपण घोळक्यात. आणि तिसरा – हां, बरोबर, तोच. हाराचा. आता काकांना नोकरी लागून रिटायर होऊन झाली, लग्न होऊन झालं. उरलं काय? पण हे मला तेव्हा सुचलं असतं तर!

रविवारची सकाळ होती. काका स्कूटर घेऊन भाजीला गेले होते. मला वाटलं, फोटो टाकायच्या आधी कॉलनीतल्या चार लोकांना विचारावं, कसा वाटतो. म्हणून आपल्या पिपलानीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहायला घेतलं – ‘कसा वाटतो, खरं सांगा’ – आणि तेवढ्यात गॅसवर दूध उतू चाललं. फोन टाकला ओट्यावर आणि पळाले. मग दूध पुसलं, मग शेगडी काढून खालचं पुसलं, एकदा शेगडी काढली की बाई सुटत नाही रे, मागची टाइल पण पुसली, मग कांदा चिरायला घेतला. फोन तिथेच पालथा. आणि इकडे ग्रुपवर काय? रविवार सकाळ, टाय घातलेले किरकिरे साहेब, एकटे, करड्या पडद्यासमोर, तोंड मिटून, आणि खाली एक अक्षर नाही. काय समजणार माणूस? तूच सांग! पहिले हात कोणी जोडले ते आता कोणी कबूल करत नाही. पण एकाने जोडले, आणि मग लाइनच लागली. ॐ शांती, ॐ शांती, विनम्र श्रद्धांजली, फुलं, दिवे – एकीने तर चुकून हॅपी बर्थडेचा केक पाठवला आणि मग काढून टाकला. ऋतुजाने, नवीन लग्न होऊन आलीये ती. तिची काही चूक नाही, तीच जरा खऱ्याच्या जवळ होती.

पहिली आली सिंधू, शेजारची. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पिठलं-भाताचं पातेलं – ज्या घरी असं काही होतं त्या घरी चूल पेटवत नाहीत ना, शेजारीण पिठलं-भात घेऊन जाते. आता तिच्याकडे पिठलं तयारच कसं होतं हे मला अजून कळलं नाही, पण ते जाऊ दे. मी दार उघडलं. कांद्याने डोळे लाल, पदर खोचलेला, घामाघूम. तिने पातेलं खाली ठेवलं आणि गळ्यातच पडली. मी म्हटलं, अगं सिंधू, काय झालं? कोण गेलं? तर ती आणखीनच रडायला लागली आणि मागून आलेल्या बाईला म्हणते, ‘हिला धक्का बसलाय हो, हिला कळतच नाहीये.’ मला वाटलं, तिच्याच घरचं कोणी गेलं. मी तिला बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, रड बाई, मोकळी हो. असं बराच वेळ चाललं – जिचा नवरा गेला ती सांत्वन करतेय, आणि समाचाराला आलेली रडतेय. तोवर दारात चपलांचा ढीग. बायका आत, पुरुष बाहेर. तिवारीजी पांढरा कुर्ता घालून आले, हात जोडून उभे राहिले – ‘भाभीजी, धीरज रखिए.’ मी म्हटलं, ‘जी, रख रही हूँ.’ मग जरा वाकून हळूच म्हणतात कसे – ‘भाभीजी, अभी कहना ठीक तो नहीं है, पर आपका क्वार्टर कॉर्नरवाला है ना? खाली करने से पहले एक बार हमें बता दीजिएगा.’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की गेलंय ते आपल्याच घरचं कोणीतरी.

आणि तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली.

हस, हस. सगळी कॉलनी हसते आता. मी पण हसते, सांगते आणि हसते. पण त्या घटकेला नाही हसले मी. तू विचार कर ना – त्यांना काय ठाऊक की ते स्वतःच गेलेत? त्यांनी दारातल्या चपला बघितल्या, तिवारींचा पांढरा कुर्ता बघितला. घरात माणसं दोन. एक भाजीला गेलेलं. मग राहिलं कोण? ज्या माणसाने कधी फडकं न मारता स्कूटर उभी केली नाही, त्याने स्कूटर सोडूनच दिली, आडवी. दुधी गेला रस्त्यावर, टमाटे गेले गटारात. आणि आत आले ते – संकेत, इतक्या वर्षांत मी ह्या माणसाचा एकच चेहरा पाहिलाय, तू काढलास तो. लग्नात तोच, मुलाच्या बारशाला तोच, बढती मिळाली तेव्हा तोच. त्या दिवशी दुसरा पाहिला. ‘शशी कुठाय?’ – एवढंच म्हणाले. शशी म्हणून मला लग्न झाल्यावर वर्षभर म्हणायचे, नंतर ‘अगं’, आणि मुलगा झाल्यावर ‘ऐकलं का’. मी म्हटलं, ही काय इथे, पिठलं-भात घेऊन उभी. तर मटकन बसले. लोकांच्या चपलांवर बसले. रडले की हसले ते मला अजूनही सांगता येणार नाही. तिकडे सिंधूने किंकाळी फोडली, कारण तिच्या हिशेबाने भूतच आलं होतं. मला – काय सांगू – वाईट वाटलं, पण बरं जास्त वाटलं. खरं सांगते. फार बरं वाटलं मला.

नाही, डोळ्यांत काही नाही. तुझ्या त्या लाइटचा झोत आहे सरळ.

मग काय, पिठलं-भात सगळ्यांनी मिळून खाल्ला. काकांनी दोनदा घेतला, आपल्याच नावाचा. आणि दुपारी चष्मा लावून बसले सोफ्यावर, ग्रुपवरचे सगळे मेसेज वाचत. मोठ्याने. ‘ऐकलं का, तिवारीने लिहिलंय, किरकिरे साहब जैसा इंजीनियर दोबारा नहीं होगा. ऐकलं का, कारखान्यातल्या ह्या पोराने लिहिलंय, मी टर्बाइन ऐकायला त्यांच्याकडे शिकलो. आणि हा गुप्ता बघ, हा गुप्ता! नुसतं ॐ शांती. एवढी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, आणि दोन शब्द!’ गुप्तावर अजून रुसलेत. पण फोटो बदलायला साफ नाही म्हणतात. म्हणतात, ह्या फोटोवर माझ्याबद्दल एवढं चांगलं लिहिलं गेलंय, हाच राहू दे. त्यामुळे खरं तर काकांच्या फोटोचं काम तसं – राहिलंच नाही म्हण.

हो, मग मी आले कशाला. बरोबर आहे. तेच सांगतेय.

त्या मेसेजांमध्ये माझं पण नाव होतं ना. काय होतं? ‘शशिकलाताई, धीर धरा.’ बस. दुसरी म्हणते, ‘आता मुलाकडे पुण्याला जा.’ तिसरी म्हणते, ‘नातवात मन रमवा.’ अर्ध्या तासात माझं सगळं ठरवून टाकलं लोकांनी, घर सोडण्यापासून नातवापर्यंत! मला राग नाही आला. चांगल्या मनानेच लिहिलं त्यांनी. पण मी आपली भांडी घासता घासता विचार करत होते – उद्या उलटं झालं असतं तर? माझा फोटो टाकला असता कोणी, तर खाली काय लिहिलं असतं? मला ठाऊक आहे काय. काकूंच्या हातची साबुदाण्याची खिचडी. हां, बघ, तू पण मान डोलावलीस! तू पण हेच लिहिलं असतंस! छान होते खिचडी, मी नाही कुठे म्हणते. पण खिचडी म्हणजे मी का रे? आणि पहिली गोष्ट, फोटो टाकला असता कोणता? मी त्या दिवशी दुपारभर शोधला. अल्बम काढले, मोबाइल बघितला. अरे, नाहीच! एकात मी ताट घेऊन चाललेय, अर्धी. एकात मुलाच्या मागे, नुसतं कपाळ. एकात हात. बाकी सगळे फोटो मीच काढलेले, मग मी कशी येणार त्यांत? आणि गणपतीतले तर विचारूच नकोस. एवढी वर्षं मंडळाच्या गणपतीत माइकवर मी असते – तुला आठवतंय ना? तूही हरवला होतास एकदा, लहान असताना, मीच पुकारलं होतं, ‘पिवळा बुशशर्ट आणि एका पायात बूट.’ सगळ्या पिपलानीला माझा आवाज माहीत. पण माइक कुठे? स्टेजच्या मागे, पडद्याआड. तिथे कोण येतंय फोटो काढायला?

काय? लिपस्टिक? ही? छे रे, ओठ फुटलेत म्हणून काहीतरी लावलंय. साडी? एकरंगी आहे, हो. असते माणसाकडे एकरंगी साडी. जरीकाठ नाही, हो, दिसतंय मला. फार हुशार झालास तू. तुझे बाबा नव्हते एवढे बघत, गिऱ्हाइकाला.

बरं. ऐक. पण कोणाला सांगू नकोस. आणि काकांना तर मुळीच नाही.

रेवतीला नातवासाठी मी गोष्टी पाठवते. फोनवर बोलून, रेकॉर्ड करून. रात्री झोपताना ऐकतो तो. तर तिने त्यातल्या दोन तिच्या ओळखीच्या कोणाला ऐकवल्या, इंदूरला, ते लोक शाळेच्या मुलांसाठी बोलते धडे करतात, मराठीत, हिंदीत. आणि आज सकाळी त्यांचा फोन आला. मला. म्हणाले, मॅडम – मला मॅडम! – आवाज पाहिजे आम्हाला हा, उद्या सकाळी आमच्या बाकीच्या लोकांना दाखवायचंय, तुमची प्रोफाइल पाठवा आजच. आता आवाजाच्या कामाला चेहरा कशाला लागतो, हे मी विचारलं रेवतीला. ती म्हणाली, आई, फोटो नसला की लोकांना वाटतं माणूसच नाही. ते खरंच आहे रे. खातं उघडलंय आम्ही दोघींनी, नाव आहे, माइकची सगळी वर्षं लिहिलीयत, आणि फोटोच्या जागी तो राखाडी ठोकळा, डोकं आणि खांदे, बाकी काही नाही. सकाळपासून चारदा उघडून बघितलं मी. मला वाटतं, ही मीच की.

काकांना का नाही सांगितलं? हसतील म्हणून नाही. हसले तर मला हवंच आहे! ‘कशाला?’ म्हणतील म्हणून. त्यांचं ते ‘कशाला’ वाईट नसतं, खरंच नसतं, ते आपले विचारतात, प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं त्यांना. पण ह्या गोष्टीला माझ्याकडे कारण नाही. मला करावंसं वाटतं, एवढंच आहे. आणि एवढं तोंडाने सांगता येत नाही मला. बघ, एरवी माझं तोंड बंद होत नाही, सिंधू म्हणते तुझ्या नवऱ्याला बोलायला जागाच मिळाली नाही म्हणून तो गप्प. असेलही. चल, बसते मी त्या स्टुलावर. टिकली मोठी वाटते का? मंगळसूत्र आत घालू की बाहेर? रेवती म्हणते जशा आहात तशा बसा – आता जशी आहे तशी म्हणजे कशी, ते मी कधी बघितलंय? हसू ना? दात – दात दिसू देत. दिसले तर दिसले. मला येतं माझं काम.

काय झालं? घे ना. कोण आलं होतं?

काका? इथे? काल तर ते बँकेत जातो म्हणून – काय घेऊन आले होते? माझा? माझा फोटो कुठून आला त्यांच्याकडे, मी सगळं घर पालथं घातलं! ऑफिसच्या बॅगेत? दाखव. दाखव म्हटलं ना, ‘काकूंना सांगू नकोस’ म्हणाले असतील, पण तू सांगितलंस की आता, अर्धं सांगून भागतं का? फिरव इकडे तो स्क्रीन.

अगं बाई.

ही स्टेजच्या मागची जागा. हा तो निळा पडदा, आता फाटला तो. म्हणजे हे कडेने वाकून – मला कळलं पण नाही. आणि काय अवतार माझा! डोळे मिटलेले, तोंड हे एवढं उघडं, माइक तर असा धरलाय जसा कोणी काढून घेणार आहे. दात तर सगळेच दिसताहेत, दाढांसकट! हा मोठा करून पाहिजे त्यांना? ह्याच्याशिवाय दुसरा बरा नाही का, असं विचारायचं होतंस ना – विचारलंस? मग काय म्हणाले? … परत सांग. नीट, त्यांच्या शब्दांत सांग. … ‘गप्प बसलेली ही मला ओळखू येत नाही.’ … असं म्हणाले? तुला म्हणाले? तसाच चेहरा करून?

मला नाही म्हणाले कधी.

हाच लावूया ना मग प्रोफाइलला. नाही जमणार? मोठा केला की फुटतो? हो, दिसतंय, हललेलाच आहे, त्यांचा हात हललाय. बरं, मग हा त्यांचा त्यांना करून दे, भिंतीवर लावतील. आणि मी घरी गेले की आज सांगते त्यांना, इंदूरचं. म्हणू देत ‘कशाला’. आणि माझा तू नवीन काढ. असाच काढतोस? बोलताना? चालतं तसं? रेवतीच्या नियमात कुठे नाही म्हटलेलं नाही, खरं आहे. बसते. सरळ बसते. हं, कर तुझा लाइट. हनुवटी एवढी? झालं? बोलू? बोल म्हणतोस – काय बोलू? काहीही काय, काहीतरी सांग ना विषय. अरे, एवढा वेळ बोलतच होते की मी. थांब हं. बोलते. लगेच बोलते –